मैदान नगरपरिषदेचं, कुलूप दुसऱ्याचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पुरवणीत आमच्या गावच्या मैदानाचा फोटो आला होता. कृत्रिम गवताचं हिरवंगार टर्फ, वर जाळी, चारी कोपऱ्यांना एलईडीचे खांब, फीत कापणारे पाहुणे आणि खाली ओळ : ‘ओसाड जागेचे रूपडे पालटले’. फोटो छान आहे. पण ती जागा ओसाड नव्हती, आणि बातमीत एक गोष्ट राहून गेली. त्या जाळीच्या आत पाऊल टाकायचं तर दिवसा तासाला 800 रुपये आणि दिवे लागल्यावर 1,200 रुपये पडतात.

मी नगररचना खात्यात आरेखक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पत्राचं रूपांतर आमच्या गावातल्या दोन गटांच्या भांडणात होईल आणि मुद्दा बाजूला पडेल. शिवाय ज्या तालुक्याच्या गावात हे पत्र वाचलं जाईल तिथे असं एखादं मैदान असेलच, अशी माझी खात्री आहे.

आमच्या गावाची विकास योजना तयार झाली तेव्हा तिच्या नकाशात रंग भरणाऱ्यांत मी होतो. तेव्हा कार्यालयात कॉम्प्युटर नव्हते. ट्रेसिंग क्लॉथवर रोट्रिंगच्या पेनने रेघा मारायच्या, त्याचे अमोनिया प्रिंट काढायचे आणि त्यावर ब्रशने रंग द्यायचा. रहिवास पिवळा, वाणिज्य निळा, बागा आणि मैदानं हिरवी. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे. हिरवा रंग एका दमात मारावा लागे. मध्येच ब्रश उचलला की वाळल्यावर तिथे कड दिसायची, आणि आमचे साहेब कड दिसली की शीट परत पाठवायचे. त्यात साईट नंबर 17 होती, खेळाचं मैदान, क्षेत्र साधारण एक एकर. हेच ते फोटोतलं मैदान.

नकाशावर साईट नंबर 17 आजही हिरवीच आहे. मिळकत पत्रिकेवर नाव नगरपरिषदेचंच आहे. आरक्षण, म्हणजे जागा मैदानासाठीच राखल्याची योजनेतली नोंद, उठलेलं नाही, जागा विकलेली नाही, कुणी अतिक्रमण केलेलं नाही. कागद तपासायला बसलात तर एकही चूक सापडणार नाही. फक्त फाटकाची चावी नगरपरिषदेकडे नाही.

लोकांना वाटतं, मैदान जातं ते आरक्षण उठवल्यावर. पण आरक्षण उठवणं हे गाजावाजाचं काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करायचा तर ठराव करा, जाहीर नोटीस द्या, हरकती-सूचना मागवा, सुनावणी घ्या, शासनाकडे पाठवा. चार माणसं विरोधात उभी राहतात, पेपरात येतं, एखादा कोर्टात जातो. दुसरी वाट कलम 127 ची. आरक्षित जागा 10 वर्षांत संपादन झाली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. त्या वाटेने राज्यात किती बागा आणि शाळांच्या जागा गेल्या हे आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारा. पण साईट नंबर 17 ला या दोन्ही वाटांची गरजच पडली नाही, कारण तिथे एका संस्थेशी फक्त एक करारनामा झाला, आणि तोही ‘देखभालीचा’.

तो करारनामा मला कार्यालयात बसून वाचायला मिळाला, प्रत मात्र मिळाली नाही. शंभर रुपयांचा बॉण्ड आणि मागे जोडलेली दोन पानं. संस्थेने मैदानाची साफसफाई करावी, राखण करावी, दिव्यांचं बिल भरावं, नगरपरिषदेला वर्षाला 1,000 रुपये नाममात्र शुल्क द्यावं. इथवर ठीक. पुढे एक वाक्य आहे : ‘देखभाल खर्चापोटी वाजवी शुल्क आकारण्याची मुभा संस्थेस राहील.’ वाजवी म्हणजे किती, ते कुणी ठरवायचं, हिशेब कुणाला दाखवायचा, फुकट खेळायला किती तास ठेवायचे, यातलं काहीही नाही. दिवे लागल्यावरच्या पहिल्याच तासात वर्षाचं भाडं फिटून वर 200 रुपये उरतात.

हा विषय सर्वसाधारण सभेत आला तो ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात. ज्यांनी नगरपरिषदेचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांना हे सदर काय चीज आहे ते माहीत आहे. विषयपत्रिकेवर जे छापलेलं नसतं ते इथे येतं आणि चहा येईपर्यंत मंजूर होऊन जातं. कराराची मुदत संपली तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते. त्या काळात आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक. मुख्याधिकारी म्हणून त्यांनी करार पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव ठेवला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच तो मंजूर केला. दोन्ही सह्या एकाच शाईतल्या आहेत. बेकायदा म्हणता येणार नाही, पण त्या टिपणीवर ‘चर्चेअंती’ असा शब्द आहे, तो वाचून मला हसू आलं. कुणाची कुणाशी चर्चा?

1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 92 आहे. नोकरीत असताना ते आम्हाला तोंडपाठ होतं. नगरपरिषदेने आपली स्थावर मालमत्ता स्वतःच्या अधिकारात भाड्याने दिली तर ती तीन वर्षांपर्यंत, आणि त्यावर भाडेकरूला कायम स्वरूपाचं बांधकाम करता येणार नाही, असा मूळ कलमाचा रोख होता. मी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, हा भाडेपट्टा नाही, देखभाल आहे. आणि टर्फ हे बांधकाम नाही, ते गुंडाळून नेता येतं. बरोबर आहे, टर्फ गुंडाळता येतं. पण जाळीच्या खांबांचे खड्डे खणताना मी पाहिले आहेत. खणणारा माणूस कमरेपर्यंत आत उभा होता आणि बाजूला सिमेंटची पोती रचलेली होती. ते काही कुणी गुंडाळून नेणार नाही.

आता ‘ओसाड’ या शब्दाकडे येतो. सकाळी सहाला तिथे पोलीस भरतीची पोरं पळायला यायची, अनवाणी. चुन्याची फक्की मारून त्यांनी स्वतःच गोल आखला होता आणि गोळाफेकीला वर्तुळ केलं होतं. आठनंतर म्हशी. दुपारी कुणी नसे, फक्त लिंबाखाली रिक्षावाले डुलक्या काढत. उन्हाळ्यात कुरडया-पापड्यांच्या साड्या अंथरलेल्या असत आणि एखादी म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत बसलेली असे. चारनंतर क्रिकेट, एका वेळी पाच-सहा डाव, एकाचा फिल्डर दुसऱ्याचा पॉइंट. भांडणं व्हायची, पण कुणाचा चेंडू कुणाचा हे पोरांना बरोबर कळायचं. एका कोपऱ्यात मुलींचा खो-खो चाले, त्यांचे दोन खांब कायमचे रोवलेले होते. अंधार पडला की बायका पदर खोचून स्कूटी शिकायच्या, मागे नवरा किंवा भाऊ धापा टाकत धावायचा.

ज्याला कार्यालय परवडत नाही त्याच्या मुलीचं लग्न या मैदानात मांडव घालून लागायचं. नगरपरिषदेची पावती फाडली की झालं. दिवाळीनंतर मेंढपाळांची पालं पडायची, कधी डोंबारी यायचे, कधी नंदीवाले. दोन रात्री राहायचे आणि पुढे जायचे. त्यांची चूल, त्यांची कोंबडी, घोड्याच्या पाठीवर बांधलेलं लेकरू, हे आम्ही सगळे बघत मोठे झालो. आता ती माणसं बायपासच्या कडेला, ट्रकच्या दिव्यांत पालं ठोकतात. त्यांची कुठे नोंद नाही, मतदार यादीत ती आमच्या गावची नाहीत, त्यामुळे मैदान गेल्याची तक्रार त्यांच्याकडून कधीच येणार नाही.

हेही खरं की मैदान स्वच्छ नव्हतं. पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढं वाढायचं. एका बाजूला डुकरं, रात्री बाटल्या. माझ्या घरातली मंडळीच म्हणतात की आता तिथून जाताना भीती वाटत नाही, उजेड असतो. मला ते मान्य आहे. नगरपरिषदेकडे माळी नाहीत, मुकादम एक आणि वॉर्ड ढीगभर. कुणी तरी पुढे येऊन मैदान सांभाळतो म्हणालं तर त्याला नाही म्हणू नये. पण गाजरगवत काढायला फाटक लागत नाही. झाडलोटीचा खर्च आणि तासाचे 1,200 यांचा काही ताळमेळ असेल तर तो फाटकावर लावावा. दिवसभर मैदान सगळ्यांना मोकळं ठेवून रात्री दोन-तीन तास दिव्यांच्या खर्चाचे पैसे घेतले असते तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

पोरं गेली कुठे, हे कुणी विचारलं नाही. पैसेवाल्यांची पोरं टर्फवर खेळतात. दहा जणांनी वर्गणी काढली तर तासाला माणशी 80 ते 120 येतात, ते काहींना जमतं, महिन्यातून एकदा. उरलेली एसटी स्टँडमागच्या रस्त्यावर खेळतात. चेंडू गटारात गेला की हात घालून काढायचा आणि भिंतीला आपटून पाणी उडवायचं. भरतीची पोरं हमरस्त्यावर पळतात, पहाटे अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांबरोबर. आणि खो-खो बंदच झाला. टर्फवर खांब कसा रोवणार?

बागेचंही तेच. गावात एकच बाग. ती ‘विकसित’ झाल्यापासून आत जायला दहा रुपये. मध्यभागी गावावर प्रेम असल्याची मोठाली इंग्रजी अक्षरं आणि लाल बदाम. फाटकावर नियमांचा बोर्ड आहे : बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत. हिरवळीवर बसू नये. झोपू नये. खेळू नये. जोडप्यांनी अश्लील वर्तन करू नये. दुपारी बारा ते चार बाग बंद. भाजी घेऊन खेड्यावरून येणाऱ्या बायका बाजार संपला की पूर्वी याच बागेत सावलीला बसून फडक्यातली भाकरी सोडायच्या आणि साडेतीनच्या गाडीची वाट बघायच्या. बाग नेमकी त्यांच्याच वेळेला बंद. त्या आता बँकेच्या पायऱ्यांवर बसतात आणि तिथला रखवालदार त्यांना उठवतो. बागेत आत मात्र आइस्क्रीमचा स्टॉल आहे, तो बाहेरील खाद्यपदार्थांत मोडत नाही.

रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं. दुकानासमोरच्या सार्वजनिक जागेत साखळी लावून ‘फक्त ग्राहकांसाठी पार्किंग’, आणि खाली ‘अन्यथा हवा सोडली जाईल’. अतिक्रमण विरोधी पथक येतं ते हातगाडी उचलायला. शोरूमचा फुटपाथवर आलेला रॅम्प त्यांना दिसत नाही, बहुधा त्याला चाकं नसल्यामुळे.

मुंबईत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला. मोकळ्या जागा ‘दत्तक’ आणि ‘काळजीवाहू’ तत्त्वावर संस्थांना द्यायच्या, असं धोरण महापालिकेने राबवलं. दोनशेहून अधिक भूखंड अशा संस्थांच्या हाती होते. काहींनी ते खरोखर चांगले सांभाळले, काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सभासद नसलेला माणूस बाहेर राहिला. जानेवारी 2016 मध्ये नवं दत्तक धोरण महासभेत मंजूर झालं तेव्हा नागरिकांनी एवढा आवाज केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते थांबवावं लागलं आणि भूखंड परत घ्यायला सांगावं लागलं. 2023 मध्ये धोरणाचा मसुदा पुन्हा आलाच. त्याच मुंबईत दादरचं शिवाजी पार्कही आहे, 1925 साली खुलं झालेलं, जवळपास 28 एकर. तिथे क्लब आहेत, जिमखाना आहे, कडेला देऊळ आहे, आणि तरी कुणीही कोणत्याही बाजूने आत शिरतो. मैदानाला भिंत आहे ती बसण्यापुरती. तेव्हा संस्था आल्या की मैदान बंद करावंच लागतं, हे मला कुणी सांगू नये.

मुंबईतल्याच कापड गिरण्यांच्या जमिनींचं प्रकरण तर माझ्यासारख्या आरेखकाने पाठच करावं असं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने तीन वाटे पडायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून बाहेर गेली. शहराच्या वाट्याची मैदानं तिथल्या तिथे आकसली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून 2001 चा बदल कायम ठेवला. नकाशावर ब्रश कुणी लावला नाही, सगळं मजकुरात झालं.

पण न्यायालयांचे निकाल उलट बाजूचेही आहेत, आणि ते आपल्या नगरपरिषदांच्या विधी सल्लागारांनी भिंतीवर लावावेत असे आहेत. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रुग्णालय, म्हणजे लोकांच्या उपयोगाचीच गोष्ट. तरीही 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं, आणि अशा जागेसाठी कोर्टात यायचा अधिकार तिथल्या रहिवाशांना आहे हेही मान्य केलं. लखनौच्या अमीनाबाद भागात झंडेवाला पार्कच्या पोटात भुयारी बाजार बांधायचं काम नगर महापालिकेने निविदा न काढता एका बिल्डरला दिलं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधलेलं पाडून पार्क पूर्ववत करायला सांगितलं. झालेलं काम, गुंतलेला पैसा, काही ऐकलं नाही. आमच्या मैदानाच्या बाबतीतही निविदा निघाली नव्हती, ती का निघाली नाही या प्रश्नावर ‘सेवाभावी संस्था असल्याने’ असं तोंडी उत्तर मिळालं.

मला टर्फ उखडून टाकायचं नाही. संस्थेतले लोक ओळखीचे आहेत, त्यातले दोघे तर याच मैदानात माझ्याबरोबर सूरपारंब्या खेळलेले. माझी मागणी साधी आहे. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक जागेचा करार, मग त्याला देखभाल म्हणा, दत्तक म्हणा की सुशोभीकरण, नगरपरिषदेच्या फलकावर आणि त्या जागेच्या फाटकावर लागावा. मुदत, शुल्क, जमा-खर्च सकट. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळ फाटक विनाशुल्क उघडं राहावं, त्या वेळा करारात लिहिलेल्या असाव्यात. मुलींच्या खो-खोसाठी एका कडेला माती राहू द्यावी. आणि असे विषय ‘ऐनवेळी’ घेणं बंद व्हावं.

यात नवीन कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 प्रमाणे कुणाकुणाला सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं दिली याचा तपशील कार्यालयाने न मागता स्वतःहून जाहीर करायचा असतो. मी मागूनही मला मिळाला नाही. ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही’ असं पत्र आलं. नगरपरिषदेच्या मालकीच्या मैदानाच्या कराराबाबत मी त्रयस्थ की ती संस्था त्रयस्थ, हे प्रथम अपिलात विचारलं आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागतो ते आपल्याला कळवीन, फोटोएवढी जागा दिलीत तर.

वाचकांपैकी कुणाला आपल्या गावच्या मैदानाबद्दल विचारायचं असेल तर अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. अर्जात ‘मैदानाची माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, उत्तरही मोघम येतं. जागेचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर घाला, करारनाम्याची प्रत मागा, ज्या ठरावाने तो झाला त्याचा क्रमांक आणि तारीख मागा, आणि त्या सभेची विषयपत्रिका व इतिवृत्त दोन्ही वेगवेगळी मागा. दोन्ही शेजारी ठेवली की विषय छापून आला होता की ऐनवेळी, ते लगेच कळतं.

कळावे,
आपला
एक निवृत्त आरेखक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)